‘सिल्कवुड’ आणि त्याचे परीक्षक



या व्यासपीठावर माझ्याआधी मोठमोठे पंडित बोलून गेले. मी दहावीनंतर कारखान्यात लागलेला माणूस. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत दिवा जाळून आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. तेव्हा मी एखाद्या चित्रपटावर, आणि तोही अमेरिकेतल्या, बोलणार म्हटल्यावर काहींनी भुवया उंचावल्या असतील. वेतनवाढ, बोनस, कंत्राटी कामगार हे माझे नेहमीचे विषय. परंतु गेली वीस वर्षे एका चित्रपटाने मला छळले आहे, आणि त्या चित्रपटाबद्दल तिकडच्या विद्वानांनी जे लिहिले त्याने त्याहून अधिक. तो हिशेब आज आपल्यापुढे मांडावा अशी इच्छा आहे.

आपल्या गावगाड्यात जागल्या असे. गाव झोपला की त्याने जागायचे आणि चोराची चाहूल लागली की ओरडायचे. त्याच्या ओरडण्याने झोपमोड झाली तरी गाव त्याच्यावर उखडत नसे, कारण जागणे हे गावानेच त्याला नेमून दिलेले काम होते. कारखान्यातल्या, कंपनीतल्या जागल्याचे तसे नाही. त्याला कोणी नेमलेले नसते. तो जागतो आपल्या मनाने, ओरडतो आपल्या जबाबदारीवर, आणि ओरडला की पहिला प्रश्न येतो, “तुला कोणी सांगितले होते?” अशा एका जागल्या बाईची ही कथा आहे. तिचे नाव कॅरेन सिल्कवुड.

प्रथम घडले काय ते सांगतो. चित्रपटाकडे मागाहून वळू.

अमेरिकेत ओक्लाहोमा नावाचे राज्य आहे. तेथे क्रेसेंट या छोट्या गावाजवळ, सिमारॉन नदीच्या बाजूला, कर-मॅगी या कंपनीचा कारखाना होता. तेलाच्या धंद्यात मोठी झालेली ही कंपनी पुढे अणुइंधनात उतरली होती. या कारखान्यात प्लुटोनियमच्या गोळ्या करून त्या धातूच्या नळ्यांत भरीत आणि नळ्यांची तोंडे वेल्डिंगने बंद करीत. या इंधनकांड्या सरकारच्या हॅनफर्ड येथील प्रायोगिक अणुभट्टीसाठी जात. प्लुटोनियमचा अगदी सूक्ष्म कण फुप्फुसात गेला तरी पुढे कर्करोगाचे भय असते. म्हणून काम बंद काचपेट्यांत, पेटीलाच बसवलेल्या हातमोज्यांत हात घालून करायचे. कागदावर हे सारे व्यवस्थित होते. प्रत्यक्षात पाळी संपताना कोणाचा हात, कोणाचे केस यंत्रापुढे वाजू लागत, आणि मग त्या माणसाला न्हाणीघरात नेऊन अंग घासघासून धुतले जाई.

कॅरेन तेथे १९७२ च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ म्हणून लागली. टेक्सासमध्ये वाढलेली, संसार मोडलेली, तीन मुले नवऱ्याकडे राहिलेली अशी ही बाई. तेल, रसायन व अणुकामगारांच्या युनियनची ती सभासद झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे संप झाला व तो फसला. फसलेल्या संपानंतर युनियनची काय अवस्था होते ते आपल्यापैकी ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको. १९७४ च्या उन्हाळ्यात कॅरेन वाटाघाटीच्या समितीवर निवडून आली. त्या समितीवरची ती पहिली स्त्री. आरोग्य आणि सुरक्षा हे खाते तिच्याकडे आले. सप्टेंबरात ती दोन सहकाऱ्यांबरोबर वॉशिंग्टनला गेली, युनियनच्या वरिष्ठांना भेटली आणि अणुशक्ती आयोगापुढे त्यांनी आपल्या तक्रारी ठेवल्या.

वॉशिंग्टनच्या या भेटीत एक गोष्ट ठरली आणि पुढचे सारे महाभारत त्या एका गोष्टीतून घडले. वेल्डिंगचे जोड तपासण्यासाठी त्यांची क्ष-किरण छायाचित्रे घेत. त्या निगेटिव्हवर पेन फिरवून डाग झाकले जातात, असे कॅरेनचे म्हणणे होते. युनियनचे पुढारी टोनी मझोकी आणि स्टीव्ह वोडका यांनी तिला सांगितले की, याचा पुरावा गोळा कर, आणि कोणाला न कळू देता कर. पुढे सरकारी चौकशीत एका कर्मचाऱ्याने निगेटिव्हवर पेन फिरवल्याचे कबूल केले, ही गोष्ट येथेच सांगून ठेवतो.

ऑक्टोबरात त्या कारखान्यात युनियन ठेवायची की मोडायची यावर मतदान होते. त्याआधी युनियनने मिनेसोटा विद्यापीठातले दोन शास्त्रज्ञ बोलावून प्लुटोनियम म्हणजे काय चीज आहे ते कामगारांना समजावून दिले. रोज ज्या वस्तूशी आपला संबंध येतो तिने कर्करोग होतो, हे तेथे कित्येकांना प्रथमच कळले. मतदानात युनियन टिकली.

५ नोव्हेंबरला कॅरेनच्या अंगावर प्लुटोनियम सापडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सापडले, तिसऱ्या दिवशीही सापडले. मग तिच्या बिऱ्हाडाची तपासणी झाली, तो न्हाणीघरात आणि शीतकपाटातल्या खाण्याच्या जिनसांतसुद्धा प्लुटोनियम! घरातले सामान कंपनीच्या माणसांनी उचलून नेले. तिला, तिच्या मित्राला आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीला लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत तपासणीस पाठवले. फुप्फुसातले प्रमाण मान्य मर्यादेच्या निम्म्याहून कमी आहे, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. ती परत आली. १३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी क्रेसेंटच्या एका हॉटेलात युनियनची बैठक होती. ती आटोपून ती एकटीच आपल्या छोट्या मोटारीने ओक्लाहोमा सिटीकडे निघाली. तेथे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बातमीदार डेव्हिड बर्नहॅम आणि वोडका तिची वाट पाहत बसले होते. ती पोचली नाही. रस्ता सोडून मोटार एका मोरीच्या काँक्रीटच्या भिंतीवर आदळली होती. तिचे वय अठ्ठावीस. तिच्यापाशी कागदपत्रे होती असे बैठकीतल्यांचे म्हणणे. ती कधीच मिळाली नाहीत.

पोलिसांनी निदान केले की ती चालवता चालवता झोपली. तिच्या रक्तात गुंगीच्या औषधाचा अंश होता. युनियनने नेमलेल्या तपासनिसाचे म्हणणे पडले की, मोटारीच्या मागच्या बाजूचा पोचा ताजा आहे, मागून कोणी धक्का दिला असावा. खरे काय ते पन्नास वर्षे उलटून गेली तरी कोणी सिद्ध करू शकलेले नाही. कारखाना १९७५ मध्ये बंद झाला.

तिच्या वडिलांनी मुलांच्या वतीने कंपनीवर दावा लावला. दावा मृत्यूबद्दल नव्हता, घरात सापडलेल्या प्लुटोनियमबद्दल होता. कंपनीचा बचाव असा की, बाईनेच ते चोरून घरी नेले व आम्हांला बदनाम करण्यासाठी स्वतःच्या अंगाला फासले. मे १९७९ मध्ये ज्यूरीने हा बचाव फेटाळला आणि ५ लाख ५ हजार डॉलर नुकसानभरपाई व वर १ कोटी डॉलर दंडादाखल द्यावेत असा निर्णय दिला. १९८१ मध्ये अपील न्यायालयाने तो जवळजवळ धुऊन टाकला. उरले ते सामानाच्या नुकसानीचे ५ हजार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

आता चित्रपट. ‘सिल्कवुड’ १४ डिसेंबर १९८३ ला अमेरिकेत लागला. दिग्दर्शक माइक निकल्स. कॅरेनच्या भूमिकेत मेरिल स्ट्रीप, तिच्या मित्राच्या भूमिकेत कर्ट रसेल, आणि मैत्रिणीच्या भूमिकेत शेर ही प्रसिद्ध गायिका. पटकथा नोरा एफ्रॉन आणि अॅलिस आर्लेन या दोघींची. एफ्रॉन पूर्वाश्रमीच्या पत्रकार. चित्रपट लागला तेव्हा खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयापुढे पडून होता. म्हणजे थिएटरात लोक कॅरेनची गोष्ट पाहत होते आणि तिकडे नऊ न्यायमूर्ती तिच्या घरातल्या प्लुटोनियमचा विचार करीत होते. चित्रपट लागून महिना झाला नाही तोच, ११ जानेवारी १९८४ ला, पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय झाला की दंडात्मक भरपाई मागण्याचा हक्क राज्याच्या कायद्याखाली शाबूत आहे. अखेर १९८६ मध्ये कंपनीने कसलीही चूक मान्य न करता १३ लाख ८० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

परीक्षकांनी या चित्रपटाचे स्वागत कसे केले? एकंदरीत पाहता चांगले केले. शिकागोचे रॉजर एबर्ट यांनी त्याला चारपैकी चार तारे दिले. त्यांची कल्पना होती की हा एक संतापाने भरलेला राजकीय चित्रपट असणार. प्रत्यक्षात निघाली साध्यासुध्या माणसांची गोष्ट, आणि तेच त्यांना भावले. कॅरेन काही देवी नाही. ती सिगारेटी ओढते, चावट बोलते, पाळी बदलून मागते, मुलांच्या आठवणीने रडते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे व्हिन्सेंट कॅन्बी यांनीही एका सामान्य बाईच्या जागृतीचे हृद्य चित्रण म्हणून त्याची वाखाणणी केली आणि स्ट्रीप यांच्या अभिनयाला मनापासून दाद दिली. ‘न्यूयॉर्कर’च्या पॉलिन केल यांचे मात्र स्ट्रीप यांच्याशी जमले नाही, कसब दिसते, पण त्या बाईचा जिवंतपणा दिसत नाही, असा त्यांचा सूर होता. पाच ऑस्करांसाठी नामांकने झाली: अभिनेत्री, साहाय्यक अभिनेत्री, दिग्दर्शक, पटकथा आणि संकलन. मिळाले एकही नाही. शेर यांना गोल्डन ग्लोब मिळाला. तिकीटबारीवर अमेरिकेत सुमारे साडेतीन कोटी डॉलर जमले. अशा विषयाच्या मानाने हे यश लहान म्हणता येणार नाही.

भांडण पेटले ते शेवटावरून. चित्रपटाच्या अखेरीस कॅरेन रात्री एकटी मोटार चालवते आहे. मागच्या आरशात दोन दिवे उजळतात, मोठे होत जातात, तिचे डोळे दिपतात. आणि मग एकदम चुराडा झालेली मोटार दिसते. त्यानंतर पडद्यावर अक्षरे येतात: मृत्यू नेमका कसा झाला ते अज्ञात आहे, रक्तात गुंगीचे औषध सापडले, इत्यादी. कॅन्बी यांनी येथेच बोट ठेवले. चित्र एक सांगते, अक्षरे दुसरे सांगतात. सत्य, कल्पना आणि तर्क यांची अशी खिचडी केल्याने आधीच्या उत्तम कामाला बाध येतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे २५ डिसेंबरला, ऐन नाताळच्या दिवशी, त्याच ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने चित्रपटावर चक्क अग्रलेख लिहिला. ‘सिल्कवुड’ची लबाडी, अशा अर्थाचे त्याला शीर्षक होते. खऱ्या माणसांची व खऱ्या कंपनीची नावे घ्यायची आणि पुरावा नसलेले सूचित करायचे, हा प्रामाणिकपणा नव्हे, असा त्याचा रोख होता.

ज्या वर्तमानपत्राचा बातमीदार त्या रात्री हॉटेलात तिची वाट पाहत बसला होता, त्याच वर्तमानपत्राने नऊ वर्षांनी तिच्या चित्रपटाला लबाड ठरवले. हे प्रथम वाचले तेव्हा माझे रक्त तापले. ‘भांडवलदारांचे वर्तमानपत्र दुसरे काय लिहिणार!’ असे म्हणून मी ते कात्रण टाकून दिले. एखाद्या सभेत एवढे बोललो असतो तर टाळ्याही पडल्या असत्या. पण मित्रहो, पुढे पुन्हा पुन्हा विचार करता मला कबूल करावे लागले की अग्रलेखात एक गोष्ट खरी आहे. मी तीस वर्षे कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. जे सिद्ध करता येत नाही ते मोठ्याने बोलले की जे सिद्ध करता येते त्याचेही वजन कमी होते, हा धडा मी वकिलांची फी भरून शिकलो आहे. आरशातले ते दोन दिवे पाहून प्रेक्षक काय विचारतो? ‘तिला कोणी मारले?’ वास्तविक त्याने विचारायला हवे ते हे, की ‘तिच्या शीतकपाटात प्लुटोनियम आलेच कसे? कारखान्यातून ते बाहेर पडलेच कसे?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नाही. दुसऱ्या प्रश्नावर ज्यूरीतल्या सामान्य नागरिकांनी शपथेवर बसून, साक्षी ऐकून, कंपनीला जबाबदार धरले होते. रहस्याचा मोह सुटला नाही, म्हणून हातात असलेले सत्य पडद्याच्या कडेला गेले. हा चित्रपटाचा दोष मी मान्य करतो.

परंतु माझी तक्रार परीक्षकांविरुद्धही आहे आणि ती अधिक गंभीर आहे. चित्रपट १३१ मिनिटांचा. त्यातल्या अखेरच्या पाच मिनिटांवर एवढी शाई सांडली. आधीच्या दोन तासांत जे दाखवले आहे त्याबद्दल कोणी अग्रलेख लिहिला नाही. न्हाणीघरातले ते दृश्य आठवा. थेल्मा नावाची म्हातारी कामगार स्त्री यंत्रापुढे वाजते, आणि तिला नळाखाली उभी करून ब्रशाने अंग लाल होईतो घासतात. पुढे कॅरेनवर तीच पाळी येते. या दृश्यात कसलाही तर्क नाही, कसलेही रहस्य नाही. असे अंग घासणे त्या धंद्यातली रोजची गोष्ट होती आणि कंपनीच्या नोंदवहीत तिची नोंद होत होती. त्यावर कोणी म्हटले नाही की, ‘हे खरे असेल तर भयंकर आहे.’ सगळे म्हणाले, ‘स्ट्रीप बाईंनी काय काम केले आहे!’ मालकाला असा प्रेक्षक फार आवडतो.

तिसऱ्या एका गोष्टीकडे तर परीक्षकांपैकी फारच थोड्यांचे लक्ष गेले, आणि ती म्हणजे युनियन. चित्रपट युनियनला फुलांचे हार घालत नाही. वॉशिंग्टनहून आलेला देखणा पुढारी, ज्याची भूमिका रॉन सिल्व्हर यांनी केली आहे, तो कॅरेनला पुरावा गोळा करायला लावतो. त्याचे डोळे वर्तमानपत्राच्या मथळ्यावर आहेत. कारखान्यातले सोबती तिच्यापासून दूर होऊ लागतात, कारण कारखाना बंद पडला तर पोटाचे काय? आणि ती दिवसेंदिवस एकटी पडत जाते. येथे मला अभिनय दिसला नाही, पटकथा दिसली नाही. मला मी दिसलो.

हे सांगणे जड जाते, पण त्यासाठीच मी आज येथे उभा आहे. एका औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन-कारखान्यात आमची युनियन होती. कारखान्याचे नाव घेत नाही. तेथे वायुगळतीच्या नोंदी एका वहीत ठेवत आणि पाहणीच्या आधी ती वही बदलत, अशी कामगारांची तक्रार होती. पॅकिंग खात्यातल्या एका पोराला मी सांगितले, “बाळा, त्या वहीची चार पाने आण, पुढचे मी बघतो.” पोरगा हुशार, धीट. त्याने दोन पाने आणली. तिसऱ्या वेळी गेटवरच्या झडतीत सापडला. चोरीचा ठपका, खात्याची चौकशी, बडतर्फी. प्रकरण कामगार न्यायालयात वर्षानुवर्षे चालले आणि शेवटी थोडीफार रक्कम घेऊन मिटले. त्या काळात मी त्याच्या नावाने सभा गाजवल्या. त्याची पाने हवेत फडकावली. त्याच्या घरी मात्र मी दोनदाच गेलो. त्याची आई मला म्हणाली, “भाऊ, तुम्ही मोठं काम करता. पण पानं तुम्हीच का नाही आणलीत?” मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, म्हणजे ते देण्यासारखे नव्हते.

पुढे २००४ च्या सुमारास एका मित्राने ‘सिल्कवुड’ची तबकडी आणून दिली. युनियनच्या कचेरीत दूरचित्रवाणी संच लावून आम्ही तो सभासदांना दाखवला. दोन पाळ्यांचे मिळून तीस-पस्तीस स्त्री-पुरुष असतील. मी मधून मधून थांबवून मराठीत मतलब सांगत होतो. सुरुवातीला कॅरेनच्या थट्टामस्करीला सगळे हसले. न्हाणीघराच्या दृश्यानंतर कोणी हसले नाही. चित्रपट संपल्यावर मी नेहमीप्रमाणे भाषणाला उभा राहिलो, तो प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, “भाऊ, एक विचारू? तिच्याबरोबर गाडीत कुणीच का नव्हतं? तुमच्या युनियनचा एक माणूस तरी?”

खोलीत शांतता झाली. ‘तुमच्या युनियनचा’ असे त्या म्हणाल्या. वर्गणी भरणारी सभासद बाई, पण ‘आमच्या’ म्हणाली नाही. न्यूयॉर्क आणि शिकागोच्या विद्वानांनी जे परीक्षण लिहिले नाही ते या बाईंनी एका वाक्यात केले. कागद मिळवणारी एक, जपणारी एक, नेणारी एक. पुढारी हॉटेलात, बातमीदार हॉटेलात, आणि रस्त्यावर एकटी बाई. कोणी धक्का दिला असो वा ती थकव्याने, औषधाने झोपली असो, दोन्ही बाजूंनी विचार केला तरी तिच्याशेजारी एक माणूस बसला असता तर ती बहुधा वाचली असती, कागदही वाचले असते. आरशातल्या दिव्यांबद्दल भांडण्याची वेळही कोणावर आली नसती. मझोकी हे कामगारांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचलेले थोर पुढारी. त्यांना दोष देण्याची माझी योग्यता नाही. मी माझ्यापुरते बोलतो आहे.

याच जातीच्या दुसऱ्या एका चित्रपटाचा येथे थोडक्यात उल्लेख करतो. १९९९ मध्ये ‘द इन्सायडर’ लागला. दिग्दर्शक मायकेल मान. सिगारेट कंपनीचा उपाध्यक्ष असलेला जेफ्री वायगंड हा शास्त्रज्ञ १९९३ मध्ये नोकरीवरून निघाला आणि निकोटिनबद्दल कंपनीला काय माहीत होते ते त्याने सांगितले. सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने त्याची मुलाखत घेतली, पण खटल्याच्या भीतीने १९९५ मध्ये ती दाबून ठेवली. फेब्रुवारी १९९६ मध्ये ती प्रक्षेपित झाली. परीक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. सात ऑस्कर नामांकने झाली, मिळाले एकही नाही, आणि तिकीटबारीवर खर्चही निघाला नाही. येथेही सर्वांत नाराज कोण झाले? मुलाखत घेणारे प्रसिद्ध पत्रकार माइक वॉलेस. पडद्यावरचे आपले चित्र त्यांना मान्य नव्हते. दोन्ही वेळा चित्रपटाने कंपनीला उघडे केले आणि ओरड मोठी झाली ती वृत्तपत्र-दूरचित्रवाणीच्या अंगणातून. जागल्याची गोष्ट जो सांगतो, तो ती गोष्ट स्वतःच्या मालकीची समजू लागतो. बातमीदार, दिग्दर्शक, परीक्षक आणि, होय, युनियनचा पुढारीसुद्धा. दोन चित्रपटांत फरकही आहे. वायगंड डॉक्टरेट मिळवलेला अधिकारी होता. त्याच्यामागे राज्य सरकारचे वकील उभे राहिले, आणि १९९८ मध्ये सिगारेट कंपन्यांना ४६ राज्यांशी २०६ अब्ज डॉलरचा करार करावा लागला. कॅरेन ताशी मजुरीवरची कामगार होती. तिच्यामागे उभे राहिले ते तिचे वडील, आणि तेही ती गेल्यावर.

हे सारे दूरदेशीचे आहे असे कोणी समजू नये. ‘सिल्कवुड’ लागून एक वर्ष झाले नव्हते, तो २ डिसेंबर १९८४ ची रात्र उजाडली आणि भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्या कारखान्यातल्या कामगारांनी आधी आरडाओरड केली नव्हती काय? केली होती. १९८१ च्या डिसेंबरात तेथला एक कामगार फॉस्जिन वायूने मेला होता. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने १९८२ पासून लिहून इशारा दिला होता. जागले होते, ओरडले होते; गाव जागा झाला नाही. २००३ मध्ये बिहारमध्ये महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांचा खून झाला, तेव्हा देश हळहळला. २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. कायदा असावा, त्याची अंमलबजावणी व्हावी, त्यासाठी भांडलेच पाहिजे. तथापि कायदा गाडीत शेजारी येऊन बसत नाही. तेथे माणूसच लागतो.

त्या संध्याकाळनंतर आमच्या युनियनने एक नियम केला. कोठे छापलेला नाही, पण आजवर पाळलेला आहे. सुरक्षेच्या तक्रारीचा कोणताही कागद एका माणसाने आणायचा नाही. तक्रारीवर निदान पाच सह्या असल्याशिवाय ती पुढे न्यायची नाही, आणि पाचांतली एक सही पुढाऱ्याची असलीच पाहिजे. कागदाच्या प्रती त्याच दिवशी तिघांच्या घरी जातील. साक्षीला जाणारा माणूस एकटा जाणार नाही. या नियमामुळे आमचे काम सावकाश चालते. काही वेळा पाच सह्या मिळत नाहीत आणि तक्रार पडून राहते; तेव्हा मला वाईट वाटते आणि कॅरेनसारखी एखादी तडफदार व्यक्ती माझ्यावर चिडतेही. पण त्यानंतर आमच्या एकाही माणसाला गेटवर एकट्याने पकडले गेलेले नाही.

आणि तो पॅकिंगमधला पोरगा? आता तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. त्याचे किराणा दुकान आहे. गेल्या वर्षी मी त्याच्याकडे गेलो आणि त्याच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचा प्रयत्न केला. आई आता नाहीत. तो म्हणाला, “भाऊ, चहा घ्या.” मी चहा घेतला. बोलायचे ते तसेच राहिले. ते आज आपल्यापुढे बोललो.